एकट्या पाखराला जोडीदार कसा पाहावा?

आमच्या शेजारी एक आजी राहतात. घरात त्या एकट्याच. मुलगा आणि सून पोटापाण्यासाठी शहरात. दोन वर्षांपूर्वी नातवाने त्यांना एक पिंजरा आणून दिला. पिंजऱ्यात पाखरांची जोडी होती. अंग हिरवे, तोंड गुलाबी, चोच बाकदार. दुकानदाराने नाव सांगितले, ‘लव्हबर्ड’. आजींना ते नाव काही जमेना. त्यांनी आपली सोपी नावे ठेवली, राघू आणि मैना.

गेल्या वैशाखात उन्हाने कहर केला. पिंजरा पत्र्याच्या पडवीत टांगलेला. दुपारी आजी रानातून परत आल्या, तो मैना पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेली. राघू पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकीत होता. आजींनी पिंजरा माजघरात नेला, पाणी ठेवले, पिंजऱ्यावर ओले फडके टाकले. राघू वाचला.

पण वाचला म्हणजे सुखी झाला असे नव्हे. आधी तो दिवसभर ओरडे. मग ओरडणे थांबले. दाणे वाटीत उरू लागले. स्वतःच्या छातीवरची पिसे तो स्वतःच उपटू लागला. आजी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ह्येला जोडी बघून द्या की. एकट्यानं दिवस काढणं काय असतं, ते मला ठावं हाय."

जोडी पाहायची म्हणजे बाजारात जायचे, दुसरे पाखरू आणायचे आणि पिंजऱ्यात सोडायचे, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही पूर्वी तसेच वाटे. त्यापायी आमच्या हातून एक जीव गेला. तुमच्या हातून तसे होऊ नये म्हणून ही हकिकत सांगत आहोत.

आमची चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच एक एकटे पाखरू होते. आम्ही संध्याकाळी दुसरे आणले. दोघांना एका पिंजऱ्यात घातले आणि समाधानाने झोपी गेलो. सकाळी पाहतो तर नवे पाखरू कोपऱ्यात रक्तबंबाळ. पायाची दोन बोटे तुटलेली, डोक्यावर जखम. दुपारपर्यंत ते गेले.

जुन्या पाखराचा दोष काय? पिंजरा त्याचे घर होते. रात्रीच्या वेळी परका जीव घरात घुसला, असे त्याला वाटले. दोष आमच्या उतावळेपणाचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, अशी आमची गत झाली.

तुम्ही बाजारातून नवा बैल आणता. त्याला त्याच दिवशी जुन्या बैलाबरोबर जुंपता का? नाही. आधी तो वेगळ्या दावणीला बांधता. एकमेकांचा वास, आवाज सवयीचा होऊ देता. मग हळूच जुंपता. बैलाला जो न्याय, तोच पाखरालाही.

हे पाखरू मूळचे कुठले?

लव्हबर्ड हा पोपटाच्याच कुळातला लहान पक्षी. पण तो आपल्या देशातला नव्हे. त्याच्या एकूण नऊ जाती आहेत. आठ जाती आफ्रिका खंडात राहतात आणि एक जवळच्या मादागास्कर बेटावर. आजींच्या राघूची गुलाबी तोंडाची जात मूळची नामिबिया आणि अंगोला या देशांतली. तो मुलूख कोरडा, पाऊस थोडा. तिथे ही पाखरे थव्याने राहतात, थव्याने पाण्यावर येतात. आपल्या सुगरणीचा एक भाऊबंद तिकडे झाडावर गंजीएवढे मोठे सामाईक घरटे बांधतो. त्यातल्या रिकाम्या खोल्यांत ही पाखरे संसार थाटतात.

म्हणजे बघा, हा जीव मुळात गर्दीत वाढणारा. एकटे राहणे त्याच्या स्वभावात नाही. पाखरू लहान, वजनाला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढे. पण नीट सांभाळले तर १० ते १५ वर्षे जगते. तेवढी वर्षे एकट्याने काढायची म्हणजे शिक्षाच.

एक घोटाळा मात्र ध्यानात ठेवावा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याच एका पक्ष्याला लव्हबर्ड म्हणतात. त्याचे खरे नाव बजरीगर. तो ऑस्ट्रेलियातला. त्याची शेपटी लांब, डोक्यावर व पंखांवर बारीक काळे पट्टे, चोच लहान आणि पिसांत दडलेली. खऱ्या लव्हबर्डची शेपटी आखूड, अंग ठेंगणे आणि चोच चांगली दणकट. ही दोन पाखरे एका पिंजऱ्यात कधी ठेवू नयेत. बजरीगर शांत, लव्हबर्ड तापट. तो बजरीगरचे पाय फोडतो. म्हणून जोडीदार पाहण्याआधी आपल्या घरी कोणते पाखरू आहे, ते पक्के करावे.

आधी पाहावे, पहिले कशाने गेले?

लोक म्हणतात, जोडीतला एक गेला की दुसरा विरहाने मरतो. हे खरे नाही. मागे राहिलेले पाखरू दुःखी होते, खाणे कमी करते. पण बहुधा ते जगते. चार-आठ दिवसांत दुसरेही मेले, तर पुष्कळदा दोघांना एकच रोग झालेला असतो. आपण त्याला विरह म्हणतो आणि रोग पिंजऱ्यात तसाच राहतो. मग तिसरे पाखरू आणले की तेही जाते.

म्हणून पहिल्या मरणाचे कारण शोधावे. आजींच्या मैनेचे कारण उघड होते. तापलेला पत्रा. म्हणून आम्ही आधी पिंजऱ्याची जागा बदलली. कारण कळत नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे. पिंजरा, वाट्या, काठ्या कडकडीत पाण्याने धुवाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. जुन्या लाकडी काठ्या टाकूनच द्याव्यात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या कापून नव्या बसवाव्यात.

पिसे उपटणे हेही नेहमी एकटेपणाचेच लक्षण नसते. अंगावरच्या उवा, कातडीचा रोग, निकस खाणे, यांनीही तसे होते. राघूला आम्ही डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून रोग नाही असे सांगितले. मगच सोबतीचा विचार केला.

जोडीदार आणायलाच हवा का?

हा प्रश्न स्वतःला विचारावा. माणूस दिवसातले पुष्कळ तास पाखराजवळ असेल, त्याच्याशी बोलत असेल, तर एकटे पाखरूही आनंदात राहू शकते. ते माणसालाच आपला जोडीदार मानते. आजी मात्र सकाळी रानात जात, त्या दुपारी परत येत.

पिंजऱ्यात आरसा टांगणे हा उपाय नव्हे. पाखरू आरशातल्या पाखराला दाणा भरवू पाहते. ते काही खात नाही, काही बोलत नाही. बिचारे दिवसभर आरशालाच चिकटून बसते.

दुसरा विचार वयाचा. आजींचे वय सत्तरीच्या पुढे. पाखराला अजून दहा वर्षे आयुष्य. आम्ही हळूच विचारले, "आजी, तुमच्यामागे यांचे कोण पाहणार?" आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग राघूलाच कुणाच्या जोडीत देऊन टाकता का? त्याचं भलं होत असंल तर द्या." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले.

ही वाटही चांगली आहे, हे इथे सांगून ठेवतो. आपले एकटे पाखरू दुसऱ्याच्या एकट्या पाखराबरोबर राहिले, तर दोघांचे भले होते आणि नवे पाखरू विकत घ्यावे लागत नाही. नाही तर एक मेले की दुसरे आणा, दुसरे मेले की तिसरे आणा, असे रहाटगाडगे चालूच राहते.

आम्ही चौकशी केली. तालुक्याच्या गावी आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्याच्याकडे त्याच जातीचे एकटे पाखरू होते. नवरा-बायको दोघे नोकरीला, घराला दिवसभर कुलूप. तो म्हणाला, "गुरुजी, आमचं पाखरूच आजींकडे न्या. आमच्याकडे त्याला बघायला कुणी नाही." आणि आजींच्या नातवाने शब्द दिला की पुढे दोन्ही पाखरे तो सांभाळील. आजींचा जीव खाली पडला.

कोणते पाखरू चालते?

जोडीदार त्याच जातीचा असावा. गुलाबी तोंडाच्या लव्हबर्डला गुलाबी तोंडाचाच. लव्हबर्डच्या काही जातींच्या डोळ्यांभोवती पांढरे कडे असते. ती जात निराळी. त्यांची गुलाबी तोंडाच्या जातीशी जोडी लावली तर पिल्ले खेचरासारखी वांझ निघतात. जात एकच असली की रंग हिरवा की पिवळा, याने बिघडत नाही.

नर-मादी ओळखणे अवघड. घरोघर पाळतात त्या जातींत दोघे दिसायला सारखेच. एक खूण आहे. गुलाबी तोंडाची मादी कागदाच्या किंवा पानांच्या लांब पट्ट्या कातरते आणि कमरेच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. बायका ओच्यात भाजी खोचतात ना, अगदी तशी! पण कधी कधी नरही तसे करू पाहतो. म्हणून ही खूण पक्की नव्हे. पक्के हवे असेल तर डॉक्टर ताजी पिसे किंवा रक्ताचा थेंब घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. गळून पडलेली पिसे त्याला चालत नाहीत.

आम्ही तपासणी करून घेतली. आणि गंमत काय, आजींचा राघू निघाला मादी! आजी पदराला तोंड लावून हसल्या. नाव मात्र राघूच राहिले. तालुक्याचे पाखरू नर निघाले.

ही तपासणी कशाला? तर दोन माद्या एकत्र ठेवल्या की त्या फार भांडतात. मादी नरापेक्षा तापट असते. दोन नर पुष्कळदा गुण्यागोविंदाने राहतात. नर आणि मादी यांचेही जमते, पण मग अंड्यांचा विचार करावा लागतो. तो पुढे येईलच.

विकत घ्यायचे झाले तर दिवसाउजेडी पाहून घ्यावे. डोळे स्वच्छ, नाक कोरडे, शेपटीखालची पिसे न चिकटलेली असावीत. पिसे फुगवून, डोळे मिटून बसलेले पाखरू दया आली म्हणून उचलू नये. ते घरचेही घालवील.

महिनाभर वेगळे ठेवावे

कोंबड्या पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. बाजारातून एक आजारी कोंबडी खुराड्यात आली आणि मानमोडीने सगळे खुराडे बसले, असे आपण पाहिलेले आहे. पाखरांचेही तसेच. आलेले पाखरू वरून धडधाकट दिसते. पण आत रोग असू शकतो. चोच आणि पिसे झडवणारा एक विषाणू आहे. त्यावर औषध नाही.

म्हणून नवे पाखरू निदान ३० ते ४० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. जमल्यास वेगळ्या घरीच. तालुक्याचे पाखरू आम्ही ४० दिवस आमच्याकडे ठेवले. दाणापाणी करताना आधी जुन्याचे करावे, मग नव्याचे. हात साबणाने धुवावेत. वाट्यांची अदलाबदल करू नये.

पाखरांचा एक रोग माणसालाही होतो. त्याला पोपटज्वर म्हणतात. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते. मग ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला येतो. वेळेवर औषध घेतले तर तो बरा होतो. पण डॉक्टरांना आपण होऊन सांगावे की घरी पाखरू आहे. पिंजरा कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, तोंडाला फडके बांधावे, मग साफ करावा.

ओळख कशी करून द्यावी?

महिना गेला, पाखरू निरोगी ठरले. आता दोन्ही पिंजरे एका खोलीत हातभर अंतरावर ठेवावेत. पिंजरे अगदी चिकटवू नयेत. गजांतून ती एकमेकांची बोटे चावतात. आठ-पंधरा दिवस नुसते बघू द्यावे, बोलू द्यावे. दोघांना एकाच वेळी खायला घालावे. हळूहळू पिंजरे थोडे जवळ आणावेत. दोघे समोरासमोरच्या काठीवर येऊन बसू लागले, की समजावे, ओळख झाली.

मग एका खोलीत दोघांना बाहेर सोडावे. खोली दोघांनाही परकी असावी. म्हणजे ‘हे माझे घर’ असा हक्क कोणी सांगत नाही. दारे-खिडक्या लावाव्यात. छताचा पंखा बंद करावा. फिरत्या पंख्याने कितीतरी पाखरे गेली आहेत. चूल विझलेली असावी, पाण्याच्या घागरी झाकलेल्या असाव्यात. मांजराला बाहेर घालवावे. पहिल्या दिवशी पाव तास पुरे. रोज थोडा वेळ वाढवावा.

थोडी चोचाचोची होणारच. भांड्याला भांडे लागले की आवाज होतोच. पण एक जण दुसऱ्याच्या मागे लागून त्याच्या पायाला चावत असेल, रक्त काढीत असेल, तर लगेच वेगळे करावे. हात मध्ये घालू नये, फडके टाकावे. आणि दोन दिवस थांबून पुन्हा सुरुवात करावी.

राघूने पहिल्या दिवशी पाहुण्याला खोलीभर पळवले. आजी म्हणाल्या, "आता गं बाई, ही तर खाष्ट निघाली!" पाचव्या दिवशी दोघे एका खुर्चीच्या पाठीवर बसले, पण दोन टोकांना. नवव्या दिवशी मधले अंतर चार बोटे राहिले. बाराव्या दिवशी पाहुण्याने मान खाली केली आणि राघूने त्याच्या डोक्यावरची पिसे चोचीने विंचरली. आजी काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

एक घर, दोन वाट्या

आता एका पिंजऱ्यात ठेवायला हरकत नाही. पिंजरा शक्यतो नवा असावा. नसेल तर जुनाच धुऊन काढावा आणि काठ्या, वाट्या यांच्या जागा बदलाव्यात. दोघांसाठी पिंजरा निदान अडीच-तीन फूट लांब आणि दीड-दोन फूट रुंद व उंच हवा. गजांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. जस्ताचा मुलामा उडणारी जाळी घेऊ नये. जस्त पोटात गेले तर विष होते.

दाण्याच्या वाट्या दोन, पाण्याच्या वाट्या दोन, बसायच्या काठ्या तीन-चार. एकच वाटी ठेवली तर दांडगे पाखरू तिच्यावर बसते आणि गरीब उपाशी मरते. दोघांना सकाळीच एकत्र करावे, म्हणजे दिवसभर नजर ठेवता येते. त्या दिवशी घरी राहावे.

खायला राळे, वरी, बाजरी द्यावी. सूर्यफुलाचे बी थोडेच द्यावे, त्याने चरबी वाढते. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, गाजर हे रोज थोडे असावे. फवारा मारलेली भाजी देऊ नये. चहा, मीठ, चॉकलेट, कांदा ही पाखराला विषासारखी. पिंजरा उन्हात, पत्र्याखाली किंवा चुलीच्या धुरात टांगू नये.

कधी कधी सगळे करूनही जमत नाही. तेव्हा जबरदस्ती करू नये. दोन पिंजरे शेजारी शेजारी ठेवावेत. भिंतीपलीकडून का होईना, शेजाऱ्याचा आवाज आला तरी माणसाला धीर येतो. पाखरालाही येतो.

अंड्यांचे काय?

मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते. सुमारे २३ दिवसांनी पिल्ले फुटतात. मग ती पिल्ले कोणाला देणार? सोबत हवी होती, पाखरांचा कारखाना नव्हे. म्हणून पेटी किंवा मडके घरटे म्हणून ठेवू नये. कागद, सुतळी, काड्या ठेवू नयेत. तरीही मादी अंडी घालू शकते. तिला चुना मिळावा म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस अडकवून ठेवावा. मादी फुगून तळाशी बसली, जोर करू लागली, तर अंडे अडकले असेल असे समजावे. तेव्हा घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे धावावे.

दोन गोष्टी करू नयेत

सोबत म्हणून रानातला पोपट धरून आणू नये. आपल्या देशातले पोपट पकडणे आणि पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. काही परदेशी पाखरांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. त्यासाठी २०२४ साली नियम झाले आहेत. आपल्या पाखराला ते लागू आहेत की नाहीत, हे वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे.

आणि पुण्य लागेल म्हणून पिंजरा उघडून परदेशी पाखराला सोडून देऊ नये. त्याला आपले रान माहीत नाही. कावळा, ससाणा, मांजर, कोणीतरी त्याला त्याच दिवशी खाईल.

शेवटी

पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत आम्हाला सुमारे दोन महिने लागले. बाजारातून पाखरू आणले असते तर काम एका दिवसात झाले असते. पण ते कसे होते, हे आम्ही एकदा पाहिलेले आहे.

परवा संध्याकाळी आम्ही आजींकडे गेलो. पिंजरा माजघरात खिडकीजवळ होता. राघूच्या छातीवर नवी पिसे फुटली आहेत. दोन्ही पाखरे एकाच काठीवर अंगाला अंग लावून बसली होती. आजी ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, आता ही दोघं माझ्याकडं पयल्यासारखी येत न्हाईत बघा. आपापसातच असत्यात."

आम्ही विचारले, "वाईट वाटते का?"

आजींनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. म्हणाल्या, "वाईट कशाचं? लेकीला चांगलं घर मिळालं म्हणजे आईला जसं वाटतं, तसं वाटतं."